तिसऱ्या इमारतीतली झाडूवाली

सोमवार, २ मार्च. सकाळी ११.२०

मशीन आलं! दारातून आत जाईना म्हणून मेकॅनिकने दारच काढलं. तरी चार बोटं कमी पडली, तेव्हा चौकटीचा थोडा रंग गेला. ही म्हणाली की रंग नाही, लाकूड गेलं. बारीकसारीक गोष्टींत शिरणं हा हिचा स्वभावच आहे. सोफा बाल्कनीत, मशीन हॉलमध्ये. कपाटाएवढं उंच, पोटात टीव्ही, पुढे एक दांडी आणि एक लाल बटण. नाण्याची गरज नाही, मेकॅनिकने आतून सोय करून दिली आहे. बटण दाबलं की खेळ सुरू.

ही वही फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतोय, कारण पुढेमागे महत्त्व येऊ शकतं.

काम असं आहे. हा खेळ गेम पार्लरमध्ये या अगडबंब मशीनवर चालतो. तोच मला घरगुती कॉम्प्युटरवर उतरवायचा आहे, म्हणजे लोक कॅसेट लावून घरच्या टीव्हीवर खेळतील. मूळ कंपनी प्रोग्रॅम देत नाही, चित्रं देत नाही. मशीन पाठवते आणि बघून करा म्हणते. आपण खेळायचं, नजरेने टिपायचं, हुबेहूब बनवायचं. आठ आठवडे मिळालेत. शनिवारी, २५ एप्रिलला मालक स्वतः घरी येऊन बघणार.

मालकांनी तोंडावर सांगितलंय की ही शेवटची संधी. मागच्या खेळातली माझी मोटार फक्त डावीकडे वळायची. एका मासिकाने दहापैकी दोन गुण दिले, त्यातला एक डब्यावरच्या चित्राला. हाही खेळ फसला तर मला पुन्हा टायरच्या दुकानांसाठी स्टॉकचे प्रोग्रॅम लिहायला बसवणार. जमला तर कॅसेट लोड होताना पडद्यावर माझं नाव. पडद्यावर. माझं. नाव.

जमणारच.

मेकॅनिक जाताना एक जाड पाकीट देऊन गेला. मशीनची माहिती म्हणे. मशीनचा एक पाय आखूड होता. पाकीट बरोबर मापाचं निघालं.

दुपारी ४

खेळ सोपा आहे. एक खिडकीवाला दोरीला टांगलेल्या पाळण्यात बसून उंच इमारतीच्या खिडक्या पुसतो. वरून कुंड्या पडतात. कबुतरं पुसलेल्या खिडक्या घाण करतात. सगळ्या खिडक्या पुसल्या की पुढची इमारत. पहिल्या इमारतीत सव्वीस वेळा मेलो. दांडी जरा कडक आहे.

मंगळवार, ३ मार्च

संकल्प. सहाला उठणे. साडेसहा ते आठ खेळणे, म्हणजे निरीक्षण. आठ ते एक प्रोग्रॅम लिहिणे. एक ते चार चिंतन, आतल्या खोलीत, कानात कापूस घालून. चार ते आठ पुन्हा प्रोग्रॅम. रोज वीस मिनिटं व्यायाम. साखर बंद.

आज उठायला सव्वानऊ झाले. अर्धवट दिवसाला वेळापत्रक लावण्यात अर्थ नसतो. उद्यापासून.

शुक्रवार, ६ मार्च

चिंतन सोडून वेळापत्रकातलं काही बसलेलं नाही. चिंतन मात्र उत्तम चाललंय.

सासूबाई आल्या. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यावर पांढरी पट्टी. डॉक्टरांनी सहा आठवडे वाचन बंद, शिवण बंद, भरतकाम बंद, वाकणं बंद, असं सगळं बंद केलंय. बाईंचे हात कधी रिकामे नसतात. उभ्या आयुष्यात उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, पडदे, जे सापडेल त्यावर फुल्याफुल्यांचं भरतकाम केलेलं. आता नुसत्या बसून आहेत आणि बोटांनी पदराच्या काठाचे चौकोन मोजताहेत. त्यांनी मला विचारलं की जावईबापू, हे लांबून बघायला चालेल ना, डॉक्टरांनी टीव्ही लांबून बघायला परवानगी दिलीय. मी म्हटलं, बघा की. मोठ्या मनाने म्हटलं. मी खेळत असताना त्या मागे स्टुलावर बसून बघत होत्या. मी मेलो की हळूच अरेरे म्हणायच्या. त्याने एकाग्रता भंग होते.

सोमवार, ९ मार्च. दुपारी १२.४५

आता मी सहज तिसऱ्या इमारतीपर्यंत जातो (दहातून एकदा). तिथे एक नवीन भानगड आहे. चौथ्या मजल्यावर मधली खिडकी फटकन उघडते, एक जाडजूड बाई बाहेर वाकते आणि झाडूचा फटका मारते. खिडकीवाला थेट खाली. मी वेगाने जाऊन पाहिलं. हळू जाऊन पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. काही केल्या चुकवता येत नाही.

ही म्हणाली, कुणाला तरी विचारा. ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करते, दिवसभर लोकांना दुसऱ्याशी जोडून देणं हाच धंदा, त्यामुळे हिला वाटतं प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारून सुटते.

विचार करता लक्षात आलं. ज्या अर्थी माझ्यासारख्या माणसाला ती बाई चुकवता येत नाही, त्या अर्थी ती चुकवायची नाहीच. तोच खेळाचा शेवट. तीन इमारती, मग झाडू, मग समाप्त. केवढा खोल विचार आहे यात! माणूस पुसत जातो, पुसत जातो आणि शेवटी झाडू खातो.

म्हणजे मी पूर्ण खेळ संपवलेला आहे. साखर घातलेला चहा घेतला.

गुरुवार, १२ मार्च

दाढीचा फोन. दाढी म्हणजे ऑफिसातला दुसरा प्रोग्रॅमर, हाच खेळ दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर उतरवतोय. त्याला मशीन मिळालं नाही, तो पार्लरमध्ये रांगेत उभा राहून बघतो. बिचारा रडकुंडीला आला होता. म्हणाला, तिसऱ्या इमारतीत एक झाडूवाली आहे, तिच्यापुढे जाताच येत नाही, तू कुठपर्यंत पोहोचलास? मी म्हटलं, मी खेळ केव्हाच संपवला, तीनच इमारती आहेत, ती बाई म्हणजेच शेवट. तो म्हणाला, खरंच? मी म्हटलं, अरे मशीन माझ्या घरात आहे. त्याने तीनतीनदा आभार मानले. म्हणाला की मालकांनाही कळवतो.

दुसऱ्याला मार्ग दाखवण्यात एक वेगळंच समाधान असतं.

मंगळवार, १७ मार्च. सकाळी ९.४०

विचित्र प्रकार. खेळ सुरू नसताना मशीन सर्वांत जास्त गुणांची यादी दाखवतं, दहा जणांची. जिंकणाऱ्याने दांडी हलवून आपली तीन अक्षरं निवडायची. कालपर्यंत यादीत पहिला मी होतो, ६,२०० गुण. आज पाहतो तर वरच्या नऊ जागांवर ए ए ए, ए ए ए, ए ए ए. सर्वांत वरचा आकडा १,८४,०००. मी दहावा.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, अहो, मशीन स्वतः होऊन आकडे घालत नाही, कुणीतरी खेळलंय; आणि अक्षरं न निवडता नुसतं बटण दाबलं की ए ए ए उमटतं. मी म्हटलं, घरात मी, ही आणि एका डोळ्याच्या सासूबाई. ही कामावर असते. तो गप्प बसला. निरुत्तर झाला असावा. मग म्हणाला की प्लग काढून परत लावला की यादी कोरी होते.

मशीन तापत असणार, म्हणून वेडेवाकडे आकडे दाखवतं. प्लग काढला. लावला. यादी साफ. एक डाव खेळलो. पहिला मी. मनाला उभारी आली. आता रोज सकाळी प्लग काढायचा.

ता.क. मशीनच्या कडेवर चहाच्या कपाचा गोल डाग. हिला समज दिली. ही म्हणाली, मी चहाच पीत नाही.

शुक्रवार, २० मार्च

रंगांनी छळ मांडलाय. आमच्या कॉम्प्युटरचा पडदा छोट्या छोट्या चौकोनांचा असतो आणि एका चौकोनात दोनच रंग मावतात. कबूतर लाल कुंडीजवळून गेलं की तेही लाल होतं. खिडकीवाला हिरव्या पडद्यासमोर आला की हिरवा. आज संध्याकाळी तर कबूतर, कुंडी आणि खिडकीवाला तिघेही जांभळे होते.

चहाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या की भरतकामात असंच असतं हो, एका घरात दोनच दोरे पेलतात. मग चित्रच असं मांडायचं की तिसरा लागू नये. कुंडी एक घर बाजूला सरकवा, म्हणाल्या, आणि कबूतर नुसतं बाह्यरेषेचं ठेवा. मी मान डोलावली. वडीलधाऱ्यांचं मन राखावं. पण टाके आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा काय संबंध?

निर्णय: कबूतर लाल होणं हे मुद्दाम आहे. ते चिडलेलं आहे.

गुरुवार, २६ मार्च. दुपारी ४.१०

प्रतिभा कशाला म्हणतात ते आज कळलं. चिंतनात डोळा लागला होता, म्हणजे चिंतन खोल गेलं होतं, आणि कानातल्या कापसातून एक नवीनच धून ऐकू आली. आधी तीन स्वर वर, मग एक लचका, मग घसरगुंडी. उठून ताबडतोब कॉम्प्युटरवर उतरवली. मूळ मशीनमध्ये असली धून नाहीच, मला पहिल्या तिन्ही इमारतींच्या धुना पाठ आहेत. ही माझी स्वतःची. दुसऱ्या इमारतीला लावून टाकली. मूळ खेळापेक्षा सरस होतोय असं म्हणायला हरकत नाही.

सासूबाईंना वाजवून दाखवली. बघतच राहिल्या. म्हणाल्या, ही इथे कशी? मी म्हटलं, सुचली.

गुरुवार, २ एप्रिल

दहा दिवसांत प्रोग्रॅम फारसा पुढे गेला नाही, कारण एक महत्त्वाचं काम हाती घेतलं: माझं नाव. नुसतं लिहून टाकायचं असतं तर कुणीही लिहील. माझं नाव डावीकडून सरकत येतं, मधे थांबतं, सात रंगांत चमकतं, मग एकेक अक्षर गोल फिरून जागेवर बसतं. चाळीस सेकंद. खेळ अडकला तर चालेल, नाव अडकता कामा नये. कॉम्प्युटरची सगळी जागा अठ्ठेचाळीस के. त्यातली नऊ के नावाला गेली. इमारती तीनच असल्याने परवडतं.

सासूबाईंची पट्टी निघून आता काळा चष्मा आलाय. सुई अजून बंदच. त्यांनी मला चौकटीच्या कागदाची मोठी वही आणि जाड पेन्सिली आणायला सांगितल्या. भरतकामाचे नमुने काढून ठेवतील बिचाऱ्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून उत्तमातली आणून दिली. जावई असावा तर असा, असं त्या मनात म्हणाल्या असतील.

बुधवार, ८ एप्रिल

जेवताना ही म्हणाली, आईला विचारा की, ती चौदाव्या इमारतीपर्यंत जाऊन आलीय. मी इतका हसलो की घास अडकला. मी म्हटलं, इमारती तीन आहेत. ही म्हणाली, तुम्ही दुपारी घोरत असता तेव्हा चौदा असतात. मी चिंतन हा शब्द सुचवला. सासूबाई पडेल आवाजात म्हणाल्या की जाऊ दे गं, मी आपली वेळ घालवायला दांडी हलवते, त्यांचं ते काम आहे.

म्हणजे त्यांनी स्वतःच कबूल केलं: वेळ घालवायला. हिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. हिने ताट उचललं आणि दिवसभर चकार शब्द काढला नाही. सत्य पचायला वेळ लागतो.

बुधवार, १५ एप्रिल

मालकांचा फोन. काम कुठवर आलं विचारलं. मी म्हटलं, नव्वद टक्के. त्यांनी विचारलं, दाढी म्हणतो तीनच इमारती, हे नक्की ना? मी स्वतः दुसरीत मरतो म्हणून तुला विचारतो, उद्या लोक पैसे परत मागायला नकोत. मी म्हटलं, साहेब, ज्या माणसाच्या हॉलमध्ये दार काढून मशीन बसवलंय त्याच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? ते म्हणाले, बरं, तुझ्यावर सोडतो.

उरलेली किरकोळ कामं: खिडकीवाल्याला डावीकडे जाता यावं. कुंड्या वरून खाली पडाव्यात (सध्या उलट). पहिली इमारत.

शुक्रवार, २४ एप्रिल. संध्याकाळी ७

झालं! कुंड्या पडतात. डावीकडे जाता येतं, बटण दाबून ठेवलं तर. शेवट फारच परिणामकारक जमलाय: झाडूवाली येते, काहीही करा फटका बसतोच, पडदा काळा होतो आणि माझं नाव येतं.

उद्या इस्त्रीचा शर्ट. मालकांपुढे फार बढाई मारायची नाही, असा संकल्प.

शनिवार, २५ एप्रिल. सकाळी ८

प्लग काढला, लावला, एक डाव खेळलो. यादीत पहिला मी. मालक आले की आधी यादीच दिसेल.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६

जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

मालक अकराला आले. सोबत दाढी. सोफा बाल्कनीत असल्याने दोघे पलंगावर बसले. मी कॅसेट लावली, पाच मिनिटं कर्कश किरकिर झाली, मग माझं नाव सरकत आलं. चाळीस सेकंदांत मालकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पहिली इमारत ठीक. दुसरीत कबुतरं जांभळी झाली, मालकांनी भुवया उंचावल्या, पण धून त्यांना आवडली, मान हलवत होते. तिसरीत झाडूवाली आली, फटका, काळोख, नाव.

मालकांनी विचारलं, हिच्या पुढे कसं जायचं? मी म्हटलं, जायचं नसतं. ते म्हणाले, म्हणजे जिंकायचं कसं? मी म्हटलं, साहेब, जिंकायचंच नसतं, यातच या खेळाचं तत्त्वज्ञान आहे.

तेवढ्यात सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. पडद्याकडे बघून अगदी निरागसपणे म्हणाल्या, अहो, ती बाई जाते की. तिची खिडकी सगळ्यात शेवटी पुसायची. आधी तिच्या वाटेला गेलं तर ती मारणारच, आपणही मारू. बाकीच्या होऊ द्यायच्या, मग ती आपणहून झोपायला जाते. आणि जावईबापू, ही तर नवव्या इमारतीची धून, ती दुसरीत कशाला घातलीत? त्या दिवशीच विचारणार होते.

मालक उठून उभे राहिले. त्यांनी सासूबाईंच्या हातातला ट्रे घेऊन माझ्या हातात दिला आणि त्यांना हॉलमध्ये मशीनपुढच्या स्टुलावर बसवलं.

पन्नास मिनिटं. मी ट्रे घेऊनच उभा होतो. तिसरी इमारत त्यांनी अशी पार केली जशी कपडे वाळत घालताहेत. चौथी काळोखातली, नुसते दिवे. सातवीत पाऊस. नववीत ती धून, तीन स्वर वर, लचका, घसरगुंडी. अकरावी नुसत्या काचेची, तिच्यात खिडकीवाल्याचं प्रतिबिंबही पुसत असतं. चौदावीच्या सर्वांत वरच्या खिडकीत पुन्हा तीच झाडूवाली. मला वाटलं, आता बसला फटका. पण तिने झाडू बाजूला ठेवला आणि खिडकीवाल्याला पाण्याचा पेला दिला. मग समाप्त. सासूबाईंनी नेहमीसारखं नुसतं बटण दाबलं. ए ए ए. माझे सकाळचे गुण दुसऱ्या नंबरावर घसरले.

दाढी डोळे पुसत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला की तुझ्यावर विश्वास ठेवून मीही तीनच इमारती केल्या, आठ आठवडे. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

मालकांना मशीनखालचं पाकीट दिसलं. ओढून काढलं, मशीन कलंडायचं वाचलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात: एकूण इमारती चौदा. खाली प्रत्येक इमारत कशी पार करायची ते. झाडूवालीबद्दल अख्खा परिच्छेद.

मालकांनी विचारलं की हे सगळं कुणी कागदावर उतरवलंय का. सासूबाई लाजल्या. मग आत जाऊन चौकटीच्या कागदाची वही घेऊन आल्या, मी आणून दिलेली, उत्तमातली. चौदा इमारती, घर अन् घर पेन्सिलीने भरलेलं. कबूतर नुसतं बाह्यरेषेचं. कुंडी एक घर बाजूला. एकाही चौकोनात तिसरा रंग नाही. मालक पानं उलटत राहिले. एकदा माझ्या पडद्यावरच्या जांभळ्या कबुतराकडे पाहिलं.

चहा निवला होता. तो मीच प्यायलो, चारही कप.

रात्री ही म्हणाली, तुम्ही जिथे हरता ना, तिथेच खेळ संपला असं ठरवता. मागच्या वेळीही मोटार उजवीकडे वळेना तेव्हा म्हणाला होता की शहाणा माणूस डावीकडेच जातो. याला माझ्याकडे चोख उत्तर आहे. उद्या लिहीन.

रविवार, २६ एप्रिल

उत्तर नाही.

सोमवार, २७ एप्रिल

मालकांनी चार आठवडे वाढवून दिले आहेत. मला नाही, सासूबाईंना. त्या नमुने काढणार, त्याच खेळून तपासणार. मी त्यांच्या पानावरचे भरलेले चौकोन मोजून आकडे करायचे आणि कॉम्प्युटरवर टाइप करायचे. टायरच्या दुकानांचा निर्णय मालकांनी पुढे ढकलला आहे. दाढीला नमुन्यांच्या प्रती नेऊन द्यायलाही मलाच पाठवलं. त्याने दाराच्या फटीतून घेतल्या.

एका परीने बढतीच. आता माझ्या हाताखाली आकडे आहेत.

मंगळवार, ५ मे

टाइप केलं. ११२ ओळी.

शनिवार, ९ मे

टाइप केलं. सासूबाई फारच शिस्तीच्या. सहाला उठतात, साडेसहा ते आठ खेळतात, आठ ते एक नमुने. दुपारी चिंतन करू देत नाहीत. अगदी गोड आवाजात विचारतात की जावईबापू, पान सातवं झालं का? हे वेळापत्रक मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

बुधवार, १३ मे

जागा संपली. चौदा इमारती अठ्ठेचाळीस के मध्ये बसेनात. सासूबाईंनी विचारलं, सगळ्यात जास्त जागा कशाने अडवलीय? मी गोलमोल बोललो. त्यांनी पुन्हा विचारलं. सांगावं लागलं. त्या चेष्टा करतील असं वाटलं होतं. त्या तसं काही न करता एवढंच म्हणाल्या की ट्रंक भरताना मीसुद्धा आधी भारी साडी ठेवते, मग जागा नाही म्हणून रोजचे कपडे बाहेर काढते. शेवटी साडीच काढावी लागते हो.

नाव काढलं. आठवी ते चौदावी, सात इमारती त्या जागेत मावल्या.

सांगायला कुणी नाही म्हणून इथे लिहितो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

बुधवार, २० मे

मालकांचा फोन, सासूबाईंसाठी. त्या म्हणाल्या की खेळ छान झालाय, एकच सुचवायचं होतं. इथल्या मशीनचे माझे आकडे रोज सकाळी पुसले जायचे, कोण जाणे का, इतकं मेहनतीने केलेलं जातं तेव्हा जिवाला लागतं. तर लोकांचे आकडे कॅसेटवर राहतील अशी सोय करता येईल का? मालक म्हणाले, झकास कल्पना. ही माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर.

शुक्रवार, २२ मे

दोन दिवस बसून ती सोय टाइप केली. पहिल्या फटक्यात चालली. माझ्या हातून पहिल्या फटक्यात चाललेली ही एकमेव गोष्ट.

शनिवार, ३० मे

मशीन परत गेलं. दार लावलं. आता ते बंद होत नाही, चौकटीचं लाकूड गेलंय. रंग नाही, लाकूड.

शनिवार, २० जून. सकाळी १०

कॅसेट बाजारात आली. मासिकाने दहापैकी नऊ गुण दिलेत. लिहिलंय की इतकी स्वच्छ चित्रं या कॉम्प्युटरवर आजवर पाहिली नव्हती. बाकी सगळ्यांची कबुतरं लाल होतात.

लोड होतानाचा पडदा दाढीने बनवलाय. सासूबाईंनी मालकांना बजावून सांगितलं होतं की जावईबापूंचंही घाला बरं का, त्यांनी फार कष्ट घेतले. जावयाचं नाव त्या तोंडाने घेत नाहीत. मालकांनी सांगितलं ते दाढीने जसंच्या तसं घातलं. वर सासूबाईंचं पूर्ण नाव, चित्रं आणि रचना. खाली बारीक अक्षरात: टायपिंग, जावईबापू.

पडद्यावर आलो, एवढं खरं.

दुपारी १२.३०

सासूबाईंचा डोळा बरा झाला, आज त्या आपल्या घरी गेल्या. जाताना म्हणाल्या की मालकांनी पुढचं मशीन त्यांच्याकडेच पाठवायचं ठरवलंय, त्यांचं दार मोठं आहे. टाइप करायला तुम्ही याल ना, असं विचारलं. ही म्हणाली, येतील.

घरात एकटाच होतो. कॅसेट लावली. पहिली इमारत झाली. दुसरी झाली. तिसरीत गेलो. मला माहीत आहे की तिची खिडकी शेवटी पुसायची. पाकिटातला तो परिच्छेद वाचलाय, चौदा पानं चौकोन मोजत टाइप केली आहेत, ती बाई मी स्वतः बसवली आहे. तरी चौथ्या मजल्यावर आल्यावर वाटलं की एकदा आधी जाऊन बघू.

फटका.

यादी आली. ए ए ए, ए ए ए, ए ए ए, दहाच्या दहा. सासूबाई आमच्या कॅसेटवर ठेवून गेल्या आहेत. मी यादीत नाही.

घरात कुणी नाही हे पाहून प्लग काढला. लावला. कॅसेट पुन्हा लोड केली, पाच मिनिटं किरकिर ऐकली. ए ए ए, दहाच्या दहा. पुसलं जात नाही. ती सोय मीच टाइप केली आहे.